पंखांचं चाक आणि नांदुऱ्याची बिल्टी

दोस्तांनो, आधी एक कोडं सोडवा.

चाक आहे, पण गाडी नाही.
पंख आहेत, पण पक्षी नाही.
चारी बाजूंना दात आहेत, पण चावत नाही.
हे चिकटल्याशिवाय पेटी जागची हलत नाही!

सुट्टीत आमच्या घरी अल्बम बघायला येणाऱ्या मुलांना मी हेच कोडं घालतो. कुणी म्हणतं सायकल, कुणी म्हणतं विमान. एका छोट्या मुलीनं तर “करवत!” असं ओरडून सांगितलं, कारण दात आहेत ना! मग मी अल्बमचं पान उलगडतो. त्यावर बोटाच्या पेराएवढं एक तिकीट आहे. तिकिटावर एक चाक, आणि त्या चाकाला दोन्ही बाजूंनी खरेखुरे पिसांचे पंख!

“हे कुठल्या पोस्टाचं तिकीट?” मुलं विचारतात.

पोस्टाचं नाहीच. हे आहे रेल्वेच्या पार्सलचं तिकीट. देश बेल्जियम.

आता तुम्ही म्हणाल, आपण राहतो वडनेर भोलजीला. तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा. गावाजवळून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो आणि त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात. रेल्वे बघायची तर नांदुऱ्याला जावं लागतं. मग सातासमुद्रापलीकडच्या बेल्जियमच्या पार्सलशी आपला काय संबंध? आहे. फार जवळचा आहे. कसा ते सांगतो. जरा दमानं घ्या.

तीन बुलढाण्यांएवढा देश

बेल्जियम हा युरोपातला एक चिमुकला देश. किती चिमुकला? आपल्या बुलढाणा जिल्ह्यासारखे तीन जिल्हे एकमेकांना जोडले की जवळजवळ बेल्जियमएवढी जागा होते. अख्खं महाराष्ट्र राज्य त्याच्या दहापट मोठं आहे!

पण या छोट्या देशानं रेल्वेच्या बाबतीत मोठी उडी घेतली. ५ मे १८३५ रोजी ब्रसेल्स ते मेकेलेन या दोन शहरांमध्ये तिथली पहिली आगगाडी धावली. इंग्लंड सोडून युरोपच्या मुख्य भूमीवर प्रवाशांसाठी धावलेल्या अगदी सुरुवातीच्या वाफेच्या रेल्वेंपैकी ती एक. त्या दिवशी तीन इंजिनं होती. एकाचं नाव ‘बाण’, दुसऱ्याचं ‘स्टीफन्सन’ आणि तिसऱ्याचं नाव चक्क ‘हत्ती’!

आता आपल्याकडे या. १८ वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे ही आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. तिला तीन इंजिनं जोडली होती. त्यांची नावं होती साहिब, सिंध आणि सुलतान. इकडे तीन, तिकडे तीन. लोखंडाच्या यंत्राला स्वतःचं नाव द्यावंसं दोन्हीकडच्या लोकांना वाटलं, हे मला फार आवडतं.

रेल्वेला स्वतःची तिकिटं कशाला?

रेल्वे आली की माणसं जातात, तसं सामानही जातं. बेल्जियममध्ये एखाद्याला मामाकडे सफरचंदाची पेटी पाठवायची असेल, तर तो ती स्टेशनवर न्यायचा. तिथला कारकून पेटी काट्यावर ठेवायचा. वजन किती, जायचं किती लांब, यावरून भाडं ठरायचं. मग मालाबरोबर जाणारा एक कागद तयार व्हायचा. त्याच्यावर पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, कुठून कुठे आणि वजन लिहिलेलं असायचं. जेवढं भाडं, तेवढ्या किमतीची तिकिटं त्या कागदावर चिकटवायची आणि वर स्टेशनचा शिक्का मारायचा. धप्प!

पण तिकीटच का? नुसतं ‘पैसे मिळाले’ असं लिहिलं असतं तर चाललं नसतं का?

विचार करा. एका देशात शेकडो स्टेशनं. प्रत्येक ठिकाणी रोज चिल्लर पैसे गोळा होतात. सगळ्यांचा हिशेब कसा तपासायचा? तिकिटं असली की काम सोपं. समजा, सकाळी कारकुनाकडे १०० तिकिटं दिली आणि संध्याकाळी ६० उरली. म्हणजे ४० तिकिटांचे पैसे गल्ल्यात असलेच पाहिजेत. एक साधी वजाबाकी, की हिशेब पक्का! तिकीट म्हणजे कागदाच्या रूपातला पावतीचा पैसाच.

बेल्जियमच्या रेल्वेनं अशी पार्सल-तिकिटं १८७९ मध्ये सुरू केली. पहिल्या मालिकेत सहा किमती होत्या: १०, २०, २५, ५० आणि ८० सेंटीम, शिवाय १ फ्रँक. १०० सेंटीम म्हणजे १ फ्रँक, जसे १०० पैसे म्हणजे १ रुपया.

आता पाटी-पेन्सिल घ्या. तुम्ही स्टेशनचे कारकून आहात. भाडं झालं १ फ्रँक ३५ सेंटीम. कमीत कमी किती तिकिटांत काम होईल? (उत्तर: तीन. १ फ्रँक, २५ आणि १०.) आता जरा अवघड. ५, १०, १५, २० अशा ५ च्या पटीतल्या सगळ्या रकमा घ्या. या सहा तिकिटांनी कोणत्या रकमा बनवताच येणार नाहीत? (उत्तर: फक्त ५ आणि १५. बाकी साऱ्या बनतात. का ते तुम्हीच शोधा. २५ च्या तिकिटाकडे नीट बघा, तिथेच गंमत आहे.)

एका तिकिटात दोन भाषा

आता भिंग घ्या आणि ते पंखवालं चाक पुन्हा बघा. पंख कशासाठी, ते कळलं ना? वेग दाखवायला. जुन्या रोमन गोष्टींत मर्क्युरी नावाचा देवांचा निरोप्या आहे. तो व्यापाराचाही देव. त्याच्या पायांना पंख असतात. रेल्वेवाल्यांनी ते पंख उचलले आणि चाकाला लावले! युरोपातल्या कितीतरी रेल्वेंनी हे चिन्ह वापरलं. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या बेल्जियमच्या मालिकेत कमी किमतीच्या तिकिटांवर हे पंखवालं चाक आहे आणि जास्त किमतीच्या तिकिटांवर धूर सोडणारं वाफेचं इंजिन.

चित्राभोवती अक्षरं दिसतील. एका बाजूला ‘शमँ द फेर’ आणि दुसऱ्या बाजूला ‘स्पोरवेखन’. दोन्हींचा अर्थ एकच: रेल्वे. पहिले शब्द फ्रेंच, दुसरा डच. बेल्जियमच्या उत्तरेकडचे लोक डच बोलतात, दक्षिणेकडचे फ्रेंच आणि पूर्वेकडे थोडे लोक जर्मन. तिकीट उत्तरेचंही आणि दक्षिणेचंही, म्हणून दोन भाषा. आपल्या नांदुरा स्टेशनची पाटी आठवा. एकच नाव मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलेलं असतं. तसंच हे.

बेल्जियममध्ये तर कितीतरी गावांची नावंही दोन-दोन असतात. एका शहराला फ्रेंच लोक ‘माँस’ म्हणतात आणि डच लोक ‘बर्गन’. ऐकायला दोन्ही नावं अगदी वेगळी, पण दोन्हींचा अर्थ डोंगर! जुनी तिकिटं शिक्क्यांप्रमाणे लावताना हे माहीत नसेल तर एकाच गावाची दोन गावं होऊन बसतात. म्हणून या तिकिटांचा संग्रह करणाऱ्याला भूगोल आणि भाषा, दोन्ही शिकावं लागतं.

आता आपल्या बिल्टीकडे

आपल्याकडे पार्सल पाठवताना काय होतं? इथेही कागद असतोच. रेल्वेनं माल पाठवला की पावती मिळते. तिला आपल्याकडे म्हणतात ‘बिल्टी’. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, “बिल्टी सोडवणे म्हणजे काय हो?” ते लगेच सांगतील.

तुम्ही मोठ्या देवस्थानाला जाता तेव्हा चपला स्टँडवर ठेवता. तिथे एक बिल्ला मिळतो. परत येऊन बिल्ला दाखवला की आपल्याच चपला आपल्याला मिळतात. बिल्टीही तशीच. माल पाठवणारा बिल्टी घेतो आणि ती घेणाऱ्याला पाठवतो. घेणारा स्टेशनवर बिल्टी दाखवतो आणि माल सोडवून नेतो. फरक एवढाच, की इथे चपलांच्या जागी कापसाच्या गाठी असतात!

होय, कापूस. आपल्या वऱ्हाडचं पांढरं सोनं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग गिरणीवाल्यांचे डोळे वळले आपल्या काळ्या मातीकडे. त्याच सुमारास भुसावळकडून नागपूरकडे रेल्वे येत होती. मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला असं करत ती १८६७ मध्ये नागपूरला पोचली. खामगावचा कापूस बाजार तर इतका मोठा, की त्याच्यासाठी जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा खास फाटा टाकला. १८७० मध्ये त्याचं उद्घाटन करायला देशाचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एका कापूस बाजारासाठी!

शेतातला कापूस जिनिंगमध्ये जातो. तिथे सरकी वेगळी होते आणि रुई वेगळी. मग प्रेसिंगमध्ये रुई दाबून दाबून तिची गाठ बांधतात. आजची एक गाठ साधारण १७० किलोची असते, म्हणजे तुमच्यासारखी पाच-सहा मुलं एका तराजूत बसतील तेवढी. अशा गाठी डब्यात चढल्या की प्रत्येक मालामागे कागद आलाच. कुठून निघाल्या, कुठे जाणार, किती गाठी, किती वजन, कुणाच्या नावानं.

आणि फक्त रेल्वेच नाही. वडनेर भोलजीच्या महामार्गावरून जो ट्रक जातो, त्याच्या ड्रायव्हरकाकांकडेही बिल्टी असते. एवढा अवजड ट्रक एका पातळ कागदाच्या भरवशावर हजार-दीड हजार किलोमीटर जातो. आता सांगा, बेल्जियम लांब राहिलं का?

चिंधी की खजिना?

आता खरी गोष्ट सांगतो. याच गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलोय.

समजा तुमच्याकडे एक जुनं पार्सल-तिकीट आहे. सुंदर आहे, पण एकटं आहे. ते फक्त एवढंच सांगतं, “मी बेल्जियमचं.” आता समजा ५० तिकिटं आहेत आणि ती एका डब्यात कशीही कोंबली आहेत. तरी ती गप्पच असतात.

पण ती तुम्ही ओळीनं मांडली. शिक्क्यावरची गावं वाचली आणि नकाशावर प्रत्येक गावी एक ठिपका दिला. बघता बघता ठिपक्यांची रांग होते. रांगेची रेघ होते. ती रेघ म्हणजे रेल्वेमार्ग! कोणत्या स्टेशनवर ठिपके दाट आहेत? तिथे बाजारपेठ असणार, कारखाने असणार. तारखांप्रमाणे लावली, तर कुठल्या वर्षी भाडं वाढलं तेही कळतं. तिकिटं तीच, नवं काही आलं नाही. तुम्ही फक्त ती नीट मांडली आणि ती बोलायला लागली.

हे विज्ञानच आहे, बरं का! १८६९ मध्ये रशियातल्या मेंडेलीव्ह या शास्त्रज्ञानं त्या वेळी माहीत असलेली मूलद्रव्यं एका तक्त्यात गुणांप्रमाणे मांडली. मांडताना काही घरं रिकामी राहिली. त्यानं ती मुद्दाम रिकामी ठेवली आणि सांगितलं, इथे बसणारं मूलद्रव्य अजून सापडायचं आहे. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं आणि बरोबर रिकाम्या घरात जाऊन बसलं! आणि १८७९ मध्ये, म्हणजे ही पार्सल-तिकिटं निघाली त्याच वर्षी, स्कँडियमनंही आपलं घर पटकावलं. म्हणून संग्रहाच्या पानावर रिकामी जागा सोडायला लाजू नका. रिकामी जागा म्हणजे पुढे काय शोधायचं त्याची खूण.

मांडणीचं आणखी एक उदाहरण तर तुमच्या पत्त्यातच आहे. पिनकोड! १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत एका मराठी माणसानं आखली. त्यांचं नाव श्रीराम भिकाजी वेलणकर. ते टपाल खात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची कितीतरी गावं, पत्ते वेगवेगळ्या भाषांत, अक्षरं वाचता येत नाहीत अशी. टपालाचा नुसता गोंधळ व्हायचा. वेलणकरांनी साऱ्या देशाला आकड्यांत बसवलं. पहिला आकडा विभाग सांगतो, पुढचे दोन आकडे टपाल कुठे वेगळं करायचं ते सांगतात आणि शेवटचे तीन तुमचं पोस्ट ऑफिस दाखवतात. आपल्याकडे ४ नं सुरुवात होते. आता एक शोध घ्या. बुलढाणा, चिखली, मलकापूर यांचे पिनकोड ४४३ नं सुरू होतात, पण खामगाव आणि शेगावचे ४४४ नं. जिल्हा एकच, मग असं का? कारण हे आकडे टपालाच्या वाटेप्रमाणे दिलेत, जिल्ह्याच्या नकाशाप्रमाणे नाहीत. पाहिलंत, आकडेसुद्धा बोलतात!

करून पाहा १: दात मोजा

तिकिटाच्या कडेचे दात नेहमी नव्हते. १८४० मध्ये इंग्लंडनं जगातलं पहिलं पोस्टाचं चिकटवायचं तिकीट काढलं, ते कात्रीनं कापावं लागायचं. आपल्याकडे १८५२ मध्ये निघालेलं ‘सिंदे डाक’ हे आशियातलं पहिलं तिकीट. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. त्यालाही दात नव्हते. मग हेन्री आर्चर नावाच्या गृहस्थानं तिकिटांच्या मध्ये भोकं पाडणारं यंत्र बनवलं आणि कात्रीची कटकट गेली.

आता मोजपट्टी घ्या. तिकिटाच्या कडेवर बरोबर २ सेंटिमीटर मोजा आणि तेवढ्या लांबीत किती भोकं आहेत ते मोजा. १४ आली तर संग्राहक म्हणतात, “दात १४.” साऱ्या जगात हेच माप, २ सेंटिमीटर. दिसायला अगदी सारखी दोन तिकिटं दातांच्या आकड्यावरून वेगळी निघतात, कारण ती वेगळ्या यंत्रावर किंवा वेगळ्या वर्षी तयार झालेली असतात. जुळ्या भावांना तिळावरून ओळखतात ना, तसं!

करून पाहा २: पाण्यात सोडा

पाकिटावरचं तिकीट ओढून काढू नका, फाटतं. तिकिटाभोवती थोडी जागा सोडून पाकिटाचा तो तुकडा कापा. बशीत कोमट पाणी घ्या आणि तुकडा त्यात सोडा. १५-२० मिनिटं थांबा. तिकीट आपोआप कागदावरून सरकतं.

हे कसं होतं? जुन्या तिकिटांच्या मागे डिंकासारखा पदार्थ असे. आपल्या बांधावरच्या बाभळीचा डिंक बघितलाय ना? वाळला की काचेसारखा कडक, पाण्यात टाकला की मऊ आणि चिकट. डिंक हा साखरेसारख्या छोट्या कणांच्या लांबच लांब साखळ्यांचा बनलेला असतो. त्या साखळ्यांना पाणी फार आवडतं. पाण्याचे कण साखळ्यांच्या मध्ये शिरतात, साखळ्या एकमेकींपासून सुटतात आणि पकड ढिली होते.

तिकीट बोटांनी उचलू नका. ओला कागद नाजूक असतो आणि आपल्या बोटांना घाम आणि तेल असतं. बोथट टोकाच्या चिमट्यानं उचला, टिपकागदावर उलटं ठेवा, वर दुसरा टिपकागद आणि त्यावर जाड पुस्तक. दुसऱ्या दिवशी तिकीट सपाट! दोन सूचना. रंगीत पाकिटाचा तुकडा वेगळ्या बशीत भिजवा, नाहीतर त्याचा रंग सगळ्यांना लागेल. आणि आजकालची स्टिकरसारखी तिकिटं पाण्यात सुटत नाहीत. ती कागदासकट कापूनच ठेवा.

थांबा! हा कागद भिजवू नका

पण एक मोठा नियम आहे. तो पाठ करा. ज्या कागदावर तिकीट, शिक्का, तारीख, गाव आणि वजन सगळं आहे, त्या कागदावरचं तिकीट कधीही काढायचं नाही.

पूर्वी पुष्कळ हौशी लोकांनी जुन्या कागदांवरची तिकिटं कापून घेतली आणि कागद फेकून दिले. तिकीट उरलं, गोष्ट गेली. पेटीत काय होतं? किती वजनाचं होतं? किती लांब गेलं? हे सगळं त्या फेकलेल्या कागदावर होतं. शेतात जुनं मडकं सापडलं, तर उत्खनन करणारे आधी विचारतात, ते कितव्या थरात होतं, शेजारी काय होतं? मडकं उचलून घरी आणलं की हे प्रश्न कायमचे अनुत्तरित राहतात. कागदाचंही तसंच आहे. म्हणून आता जाणकार संग्राहक सुट्या तिकिटापेक्षा अख्ख्या कागदाला जपतात. सुटं तिकीट म्हणजे एक शब्द आणि अख्खा कागद म्हणजे पूर्ण वाक्य.

घरात जुनी बिल्टी, बाजार समितीची काटापट्टी, एसटीनं पार्सल पाठवल्याची पावती सापडली, तर तिला कात्री लावू नका. मोठ्यांना विचारून ती तशीच ठेवा.

करून पाहा ३: वऱ्हाडच्या उन्हाची परीक्षा

कागदाचे शत्रू कोण? ऊन, ओल, कसर आणि वाळवी. पैकी उन्हाचा प्रयोग आपल्याकडे झकास होतो, कारण उन्हाची आपल्याला कमी नाही!

लाल किंवा जांभळा घोटीव कागद घ्या. त्याच्या अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा ठेवा आणि अंगणात उन्हात ठेवून द्या. आठवड्यानं पुठ्ठा उचला. झाकलेला भाग तसाच आणि उघडा भाग फिका पडलेला दिसेल. उन्हातले अतिनील किरण रंगाच्या कणांची रचना मोडतात. रचना मोडली की रंग गेला. म्हणून तिकिटांचा अल्बम खिडकीत ठेवायचा नाही.

ओलीचं काय? पावसाळ्यात हवेतलं पाणी डिंक शोषून घेतो आणि न वापरलेली तिकिटं एकमेकांना चिकटतात. मध्ये बटर पेपर ठेवा. अल्बम आडवा न ठेवता उभा ठेवा. पेटीच्या तळाशी कापडाच्या पुरचुंडीत वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवायची आजीची रीत चांगली आहे. फक्त पाला ओला नको आणि कागदाला लागलेला नको.

तुमचं पहिलं पान

आता कामाला लागा. बेल्जियमची तिकिटं नसली तरी अडत नाही. तुमच्या गावात रोज कागद येतात. पत्रांवरचे शिक्के, पार्सलच्या पट्ट्या, एसटीची तिकिटं आणि घरी कुणी प्रवास केला तर रेल्वेची तिकिटं.

एक जाड वही घ्या आणि आधी एक प्रश्न ठरवा. ‘आमच्या गावात सामान कुठून कुठून येतं?’ हा झकास प्रश्न आहे. मग प्रत्येक कागदाला एक नंबर द्या. नंबर पेन्सिलनं, मागच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरात. वहीत त्याच नंबरापुढे लिहा: तारीख, कुठून आलं, कुठे गेलं, काय होतं, वजन किती, पैसे किती, मला कुणी दिलं. शेवटचा रकाना विसरू नका. देणाऱ्याची आठवणही संग्रहाचाच भाग असते. पट्टीवर कुणाचा फोन नंबर आणि घराचा पत्ता असेल तर इतरांना दाखवताना तो झाकून ठेवायचा. दुसऱ्याची माहिती जपणं हेही चांगल्या संग्राहकाचं लक्षण.

नांदुऱ्याला किंवा शेगावला रेल्वेनं जाल तेव्हा प्लॅटफॉर्मवरच्या पार्सलांकडे बघा. त्यांच्यावर छोटी इंग्रजी अक्षरं लिहिलेली असतात. ती स्टेशनांची टोपणनावं. नांदुरा म्हणजे ‘एन एन’, मलकापूर ‘एम के यू’, शेगाव ‘एस ई जी’, जलंब ‘जे एम’, खामगाव ‘के एम एन’, भुसावळ ‘बी एस एल’. ही अक्षरं वाचता आली की पार्सल कुठून कुठे निघालंय ते तुम्ही कुणाला न विचारता सांगाल! मात्र बघायचं ते मोठ्यांबरोबर आणि रुळांपासून लांब राहून.

सहावी ते नववीतल्या मुलामुलींसाठी टपाल खात्याची ‘दीनदयाळ स्पर्श’ नावाची शिष्यवृत्तीही आहे. प्रश्नमंजूषा आणि तिकिटांवरचा प्रकल्प यांतून निवड होते आणि निवडलेल्याला वर्षाला ६००० रुपये मिळतात. तुमच्या पोस्ट ऑफिसात चौकशी करा. नागपूरला गेलात तर मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय बघा. आणि पुढेमागे ब्रसेल्सला गेलात, तर तिथे २०१५ मध्ये उघडलेलं ‘ट्रेन वर्ल्ड’ तुमची वाट बघतंय.

दोस्तांनो, १८७९ मध्ये बेल्जियमच्या कुठल्याशा स्टेशनवर एका कारकुनानं तिकीट चिकटवून शिक्का मारला. आपण इतिहास लिहितोय असं त्याला वाटलं नसेल. तो फक्त त्याचं काम नीट करत होता. आज आपण त्याचा शिक्का वाचतो, तारीख वाचतो आणि ती गाडी आपल्याला दिसते. तुमच्या हातातल्या आजच्या पार्सलच्या पट्टीचंही शंभर वर्षांनी असंच होईल, पण ती कुणी नीट ठेवली तर!

तेव्हा वही उघडा. पहिल्या पानावर आजची तारीख घाला, खाली लिहा ‘वडनेर भोलजी, ता. नांदुरा, जि. बुलढाणा’ आणि पहिला कागद चिकटवू नका, कागदी कोपऱ्यांत अडकवा.